जमिनीपासून दोन बोटं वर

स्क्रूड्रायव्हर खांबात मुठीपर्यंत शिरला. जोर लावावाच लागला नाही. लोहाऱ्यात सुमनबाईंच्या अंगणात मी गुडघ्यांवर बसले होते आणि डोक्यावर मधुमालतीचा मांडव एका बाजूला कलला होता. चार वर्षांपूर्वी तो मीच बांधला होता. बागांची बांधकामं करणं हा माझा व्यवसाय. इंजिनिअरही मीच, कॉन्ट्रॅक्टरही मीच.

"चारही असेच आहेत का?" बाईंनी विचारलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका.

"तीन गेलेत. चौथा जाईल."

"सागवान आहे म्हणाला होतात."

"सागवानच आहे, बाई."

दोष लाकडाचा नव्हता. मी खांब खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओतलं होतं. लाकूड आणि काँक्रीट यांच्यात बारीक फट राहतेच. पावसाचं पाणी तिथं उतरतं आणि अडकून बसतं. जमिनीलगत ओल आणि हवा दोन्ही मिळाली की बुरशी लागते. वर खांब ठणठणीत, मातीपाशी भुसा.

मांडव उतरवून नवा बांधू, असं मी सुचवलं. त्यासाठी वेल कापावी लागणार होती.

"ती कापायची नाही," बाई म्हणाल्या. "ह्यांनी लावलीय. ते गेले त्याच वर्षी तिला पहिला बहर आला."

मी गाडीत बसून अणदूरच्या रशीदचाचांना फोन लावला. ते सुतार. हा मांडव त्यांनीच जोडला होता आणि तेव्हाच म्हणाले होते, "मॅडम, लाकूड मातीत गाडू नका." मी ड्रॉइंगवर बोट ठेवून तसंच करायला लावलं होतं. आता टोमणा ऐकायची तयारी ठेवली. चाचा एवढंच म्हणाले, "उद्या येतो. चार जॅक आणून ठेवा, जीपला लावतात तसले."

सकाळच्या एस्टीनं ते आले. प्रत्येक खांबाशेजारी जॅक ठेवून त्यावर एक लाकडी बल्ली उभी केली, तुळईला टेकलेली. एका जॅकवर चाचा, एकावर मी, उरलेल्या दोनांवर बाईंचे शेजारी.

"चारही कोपरे संगंच उचलायचे," चाचा म्हणाले. "एक चढला अन् एक राहिला, तर वेल तुटंल. म्या म्हणंन तवाच फिरवा."

मांडव करकरला. थोडी फुलं खाली पडली. बाईंनी डोळे मिटून घेतले. बोटभर उचलल्यावर चाचांनी हात वर केला, सगळे थांबले, आणि त्यांनी एकेका खांबाचा कुजलेला बुडखा कापून काढला.

मग खड्डे साफ करून आम्ही काँक्रीटचे नवे चबुतरे ओतले, जमिनीच्या थोडे वर येतील असे. त्यात लोखंडी पकडी बसवल्या. चाचा त्यांना 'बूट' म्हणतात. खांब बुटात उभा राहतो, बोल्टनं आवळला जातो आणि त्याचं टोक काँक्रीटपासून दोन बोटं वर राहतं. पाणी आलं की खालून निघून जातं.

आठ दिवस मांडव बल्ल्यांवरच होता. बाई रोज चबुतऱ्यांवर पाणी मारायच्या. त्याच दिवसांत चाचांनी कापलेल्या टोकांना तीनदा जवसाचं तेल पाजलं, कारण लाकूड तिथूनच जास्त पाणी पितं. खांब आता जमिनीत रोवलेले नव्हते, डुलले असते. म्हणून वरच्या कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या मारल्या. शेवटी जॅक उतरवले. मांडव सरळ बसला. वेल शाबूत होती.

चहा पिताना बाईंनी विचारलं, "मग मुळात चुकलं कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले. "चाचांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, व्हय," चाचा म्हणाले. "पण एकदाच. दोनदा सांगाय पाहिजे होतं."

बाई हसल्या. चार वर्षांपूर्वी ज्यांचं मी ऐकलं नव्हतं, त्यांनी माझी निम्मी चूक स्वतःकडं घेतली होती.

त्यावर तीन पावसाळे गेले. खांब कोरडे आहेत. आता कुठलंही ड्रॉइंग पक्कं करण्याआधी मी ते सुताराला दाखवते. त्याला दहा मिनिटं लागतात. खांब दुरुस्त करायला नऊ दिवस लागले होते.