दहा वर्षांनंतरची हजेरी

केळझरच्या पुढच्या एका गावात मी नववीला शिकवते. राग माझ्या नाकावर असतो, हे गावाला ठाऊक आहे. तरी शनिवारच्या शेवटच्या तासाची पोरं वाट पाहायची, कारण त्या तासाला पुस्तक नसायचं. कधी बँकेची स्लिप भरायची, कधी कॉलेजचा फॉर्म, कधी पहिल्या पगारातलं घरी किती द्यायचं यावर भांडायचं. बारावी झाल्यावर जागं होऊन काय उपयोग, हा माझा हट्ट.

त्या शनिवारी मी नवा खेळ काढला. एका वेगळ्या वहीत वर्गाचे नुसते नंबर लिहिले आणि म्हटलं, "समजा दहा वर्षं झाली. मी हजेरी घेते. ज्याचा नंबर येईन त्यानं उठून सांगायचं, कुठं आहे, काय करून राह्यला."

आधी सगळे खिदळले. मग एकेक जण खरंच मोठ्या माणसासारखा बोलायला लागला. "वर्ध्याले कॉलेज केलं, आता बँकेत आहो." "कारंज्याले हायवेवर माझं गॅरेज आहे." आवाजही जड झाले. पंखा बंद होता, बाहेर पान हलत नव्हतं. समोर चौदा वर्षांची पोरं नाहीत, कोणी भलतीच माणसं बसली आहेत असं वाटून अंगावर काटा आला. पण मजाही वाटत होती, खोटं कशाला बोलू.

"सतरा."

कोणी उठलं नाही. सतरा नंबरची पोरगी तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची. नर्सिंगचा फॉर्म वर्गात सगळ्यात नीट तिनंच भरला होता, एक खाडाखोड नाही. ती माझ्याकडेच बघत होती, पापणी न हलवता. मी पुन्हा नंबर घेतला. तिच्या शेजारणीनं आपलं दप्तर उचलून मधे ठेवलं, बाजूची जागा रिकामी असल्यावर ठेवतात तसं.

"ती नाई आता, मॅडम," मागून एक जण म्हणाला.

"नाई ती," आणखी दोघं म्हणाले. हसत कोणीच नव्हतं. सगळा वर्ग त्या बाकाकडे पाहत होता, पण तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या भिंतीकडे.

"इथं तं बसली आहे. काऊन बोलत नाई गं?"

ती बसूनच म्हणाली, "मी नाई ना त्या यादीत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, ठरवून माझी फिरकी घेऊन राह्यले. लाल पेन काढला, सतरासमोर ठळक अक्षरात 'गैरहजर' लिहिलं आणि पुढचा नंबर घेतला. 

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. शेजारणीला बाहेर बोलावलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तिची सोयरीक पक्की झाली, मॅडम. शुक्रवारीच पाहुणे येऊन गेलते."

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं ना. साऱ्यायनं सांगितलं."

ग्रामसेवकाला घेऊन मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले. वडिलांनी चहा पाजला, अठरा पूर्ण होईस्तोवर लग्न करणार नाही असं लिहूनही दिलं. मला हायसं वाटलं. ती दारात उभी होती. मी म्हटलं, "उद्या येजो." तिनं मान हलवली नाही.

पंधरा दिवसांनी कळलं, तिला मामाकडे नेऊन तिकडेच लग्न लावून दिलं. मी तक्रार केली, पण पोरगी कोणत्या गावाला दिली हेच कोणी सांगेना. तिचा फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे. माझंच चुकलं. त्या शनिवारी वही ठेवून तिच्या बाजूला जाऊन बसायला पाहिजे होतं.

खेळ मी बंद केला नाही. फक्त लाल पेन नेत नाही. कोणी पोरगी उठली नाही की वही मिटते, त्याच दुपारी तिचं घर गाठते आणि मग आठवड्या-आठवड्याला जातच राहते.

परवाच्या शनिवारी दोघी उठल्या नाहीत.