पाचपैकी चार बोटं

नाशिकरोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर रोज संध्याकाळी आमची पिक्चरवर चर्चा चालायची. हिरोच्या केसांपासून कॅमेऱ्यापर्यंत आम्ही तावातावाने भांडायचो. एक जण कोपऱ्यात उभा राहून बशीतून चहा प्यायचा आणि शेवटी नुसती बोटं दाखवायचा, पाचपैकी. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही, पण निकाल त्याचाच. मारामारीच्या पिक्चरला एक बोट, संथ, रडक्या पिक्चरला चार. "माणूस दर्दी आहे," आम्ही म्हणायचो.

एकदा मॅटिनीला तो माझ्या पुढच्याच रांगेत दिसला. पडद्यावरची नावं संपायच्या आत घोरायला लागला. मध्यंतरात दिवे लागले, तेव्हा डोळे चोळत मागे वळला.

"रात्रपाळी असते ना," जराही न लाजता तो म्हणाला. "घरी एकच खोली, त्यात पोरांचा दंगा. इथं गार वाटतं. पण मारामारी असली की लय दचकायला होतं, राव."

पिक्चर पुन्हा सुरू झाला आणि त्याची झोपही. मी मात्र शेवटपर्यंत जांभया देत जागा राहिलो.

संध्याकाळी टपरीवर त्याने चार बोटं दाखवली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याबद्दल बराच वेळ बोललो आणि चारच बोटं दाखवली.