घडीच्या आतली पांढरी गाडी

अमळनेर स्टेशनवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून तिसऱ्यांदा बजावलं, "काच उघडायची नाही. रतनला म्हणावं, बाहेरूनच बघ."

माझ्या मांडीवर आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेली फोटोची चौकट होती. फोटोत तरुण अण्णा एका पांढऱ्या, बिनटपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये स्टीअरिंग धरून बसले आहेत. लग्नाआधी ते सुरतेला लिंबायत भागात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. हाच फोटो बघून आईच्या घरच्यांनी होकार दिला, आणि "ही गाडी मी कडोदऱ्यापर्यंत चालवली" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले; कडोदरा म्हणजे सुरतेबाहेरचं गाव. आता अण्णांचे मित्र रतनकाका यांनी तीच गाडी विकत घेऊन दुरुस्तीला काढली होती. तिचं पुढचं तोंड कसं होतं ते कुणालाच नीट आठवेना, आणि समोरून काढलेला फोटो फक्त आमच्या भिंतीवर. मोबाइलवरून पाठवून पाहिला, तर काचेत आमची ट्यूबलाइटच जास्त दिसली. म्हणून मी निघाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे बाहेरगावची कामं हिला जमतात असा घरच्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे हे सांगायचं मला अजून धैर्य झालेलं नाही.

नंदुरबारनंतर शेजारच्या मावशींनी चौकट पाहून पाय वर घेतले. "देव का गं?"

"नाही, वडलांचा फोटो आहे."

"अरेरे! कधी गेले?"

"गेले नाहीत. घरी आहेत."

त्यांचा विश्वास बसला नसावा. नवापूरला, जिथे अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, त्यांनी मूठभर शेंगा दिल्या आणि "धीर धर, माय" म्हणाल्या.

सुरतेच्या अलीकडच्या स्टेशनवर, उधन्याला, उतरले. रिक्षावाल्याला मी जपून हिंदीत लिंबायतचं भाडं विचारलं. तो म्हणाला, "कोनतं गाव तुनं, बहीन?" (तुझं गाव कोणतं?) पुढची सगळी वाट आम्ही अमळनेरबद्दलच बोललो. लिंबायतमध्ये पाट्या गुजराती आणि भांडणं आमच्याच अहिराणीत, त्यामुळे परकं वाटायला वेळच मिळाला नाही.

रतनकाका लूमचे फिटर. त्यांनी आधी लोचो (बेसनाच्या मऊ लगद्यावर तेल, शेव आणि कांदा) खायला घातला. "हा चुकलेला ढोकळा," ते म्हणाले, "पण चुकला म्हणून सुरतेने टाकून दिला नाही."

गाडी एका बंद शेडमध्ये होती. पांढरी, बुटकी, चकचकीत. फक्त पुढे नुसतं भोक, दात काढून ठेवलेल्या आजोबांसारखं. आत जाताना काकांनी दाराशी चपला काढल्या. मीही काढल्या.

त्यांनी चौकट उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. "तोंडावरच्या जाळीचा वरचाच भाग दिसतोय. फोटो खाली दुमडलाय. उघडू?"

"अण्णा नको म्हणालेत."

काकांनी पेचकस खाली ठेवला. "मग राहू दे. फिरवीन तिला तशीच, बिनतोंडाची."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी बाहेर जाऊन अण्णांना फोन लावला. आधी त्यांनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उघड. पण परत तशीच घडी घाल. आणि आईला..." एवढ्यावर फोन ठेवला.

घडी उलगडली. आधी जाळी दिसली, मग बंपर, आणि त्याच्याखाली चाकांच्या जागी विटांचे थर.

काका हसून हसून खाली बसले. "तुना बाप गाडीमा बठेल शे, नि गाडी ईटासवर बठेल शे!" (तुझा बाप गाडीत बसलाय आणि गाडी विटांवर बसली आहे.)

मग त्यांनी सांगितलं. एका साडीच्या व्यापाऱ्याने हौसेने परदेशातून आणलेली ही गाडी बिघडली, तिचं इंजिन आणि चाकं विकली गेली, आणि उरलेला सांगाडा एका फोटो स्टुडिओवाल्याने अंगणात मांडला. लिंबायतचे कामगार तिच्यात बसून फोटो काढायचे आणि गावी पाठवायचे. स्टुडिओ बंद झाला तेव्हा काकांनी ती घेतली आणि तिला एका जुन्या जीपचं इंजिन आणि चाकं बसवली.

"मग कडोदरा?" मी विचारलं.

"कडोदऱ्याला आम्ही बसने जायचो. उभ्याने." त्यांनी स्वतःच्या घरातला, गाडीच्या बाजूने काढलेला फोटो आणून दाखवला. त्यालाही तिथेच घडी.

मला अण्णांचा राग यायला हवा होता. पण विटांशेजारी त्यांच्या चपला दिसत होत्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा जोडून. सीट मळू नये म्हणून स्टुडिओवाला त्या काढायला लावायचा.

काकांनी पुठ्ठ्यावर जाळीची मापं उतरवून घेतली आणि म्हणाले, "चल, तुझ्या बापाची कडोदऱ्याची फेरी राहिली आहे."

तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. ओट्यावरची एक बाई ओरडली, "रतनभाऊ, तोंड कुठे गाडीचं?"

"अमळनेरहून आलंय! बसवायचं बाकी आहे!"

गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी खोकली आणि थांबली. चपला शेडमध्ये. भर दुपारच्या डांबरावर मी नाचत नाचत गाडी ढकलली. काका म्हणाले, "कॉलेजात हे शिकवत नाहीत का?"

घरी परतल्यावर अण्णांनी चौकट भिंतीला लावता लावता हळूच विचारलं, "कडोदऱ्यापर्यंत गेली?"

"कोपऱ्यापर्यंत."

"चाकांवर?"

"चाकांवर."

"मग माझ्यापेक्षा लांब गेलीस."

तेवढ्यात आई फडकं घेऊन आली. काच पुसत, आमच्याकडे न बघता म्हणाली, "चपला नीट दुमडल्यास ना आत? दर दिवाळीला मीच घालते ती घडी." अण्णा भिंतीकडे बघत राहिले. खिळा तर केव्हाच ठोकून झाला होता.

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मला एवढंच कळलं की आमच्या घरातलं सगळ्यात मोठं गुपित फक्त माझ्यापासून होतं. हे लिहून झाल्यावर अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, "कोपऱ्यापर्यंत खोड. कडोदरा लिही."

मी अजून विचार करते आहे.