चाचीच्या सिंधीवर बसलेला हात

लिहिण्यासाठी माझा हात चालता केला तो आमच्या बराकीत पलीकडच्या खोलीत राहणाऱ्या सिंधी चाचीने. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

कोकणातलं घर सोडून मी उल्हासनगरला सुतारकामाच्या कारखान्यात लागलो, तेव्हा शाळा सातवीतच सुटलेली होती. आमच्याच रांगेत एक दादा राहायचा. डोळ्यांनी दिसत नसूनही तो कॉलेजात शिकत होता. परीक्षेत तो सांगणार आणि दुसऱ्याने लिहायचं. पण लिहिणारा त्याच्याहून कमी शिकलेला हवा, असा नियम होता. मागच्या वर्षीचा लेखनिक शब्दाशब्दाला थांबून अर्थ विचारत बसला आणि दादाचा मराठीचा पेपर अर्धाच राहिला. या खेपेला त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो खरा, पण माझी झोप उडाली. माझ्यामुळे तो पुन्हा नापास झाला तर?

चाचीला हे कळलं. पापड लाटता लाटता ती सिंधीत भराभर बोलू लागली. मध्येच हिंदीत, "लिख पुट, रुक मत!" पुट म्हणजे बाळा. सिंधीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे अर्थापाशी अडायला जागाच नव्हती. कानावर पडेल ते देवनागरीत उतरवायचं. मी वाचून दाखवलं की ती हसायची. "अरे, मेरी गाली भी लिख दी!" रोज संध्याकाळी आमचं हेच चाले.

पेपरला दादा बोलत गेला, मी लिहीत गेलो. शेवटचं उत्तर पुरं झालं तेव्हा घंटा व्हायची होती.

त्या संध्याकाळी चाची मला तिच्या सिंधमधल्या गावाबद्दल सांगत होती, हे मागाहून तिनेच हिंदीत सांगितलं. देवनागरी तिला वाचता येत नाही, म्हणून तिची अरबी वळणाची सिंधी लिपी मी शिकणार आहे. मग ते गाव तिला वाचता येईल अशा अक्षरांत लिहून तिच्या हातात देईन.