पौषातल्या आंघोळी

भोरला तेव्हा अजून राजाचं राज्य होतं. आमचे मालक हिर्डोशीहून तिकडं भात विकायला गेले आणि नदीकाठच्या एका बैराग्यापाशी महिनाभर राहून आले. आले ते निराळेच होऊन. पहाटे नीरेत गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, नाक धरून श्वास कोंडायचा, मग ओल्या अंगानं खडकावर बसायचं. नदी आपली आई आहे, तिच्या कुशीत शिरलं की रोग जातो, असं सांगू लागले. त्यांचं जुनं पडसं खरंच गेलं, तेही मी सांगते. गावातली चार माणसं त्यांच्याभोवती जमू लागली आणि नाचणीची मळणी माझ्या एकटीवर पडली.

त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण सासूबाईंना दमा होता. हिवाळ्यात त्या चुलीपाशी बसून रात्री काढायच्या. मालकांनी ठरवलं, आईलाही बरं करायचं. पौष लागला तसं त्यांनी तिचं ऊन पाणी बंद केलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले, तुला यातलं काय कळतंय. सासूबाईंना विनवलं, तर त्या नुसत्या हसल्या. इतक्या वर्षांत लेकानं त्यांच्या दुखण्याकडं पहिल्यांदाच बघितलं होतं.

"माजं लेकरू माजं वाईट करंल व्हय?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना नदीवर न्यायला नकार दिला, तेव्हा ते स्वतःच हाताला धरून घेऊन गेले. परतल्या तेव्हा ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. मी घोंगडी गुंडाळली, चुलीत लाकडं सारली. शेक दिलास तर सगळं वाया जाईल, म्हणून मालकांनी जाळ ओढून विझवला. आठवडाभर असंच चाललं. मग छाती भरली, ताप चढला, आणि पौष सरायच्या आत त्या गेल्या.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर कुणी हळहळलं. मालक म्हणाले, "श्वास टिकवला न्हाई तिनं. मदीच सोडायची."

बसलेल्यांनी माना डोलावल्या. मी पत्रावळी उचलत होते, तिथूनच म्हणाले, "दम्याच्या बाईला तुमी श्वास कोंडायला लावला."

शेजारणीनं मला दंडाला धरून आत नेलं.

मालक पुढं पुष्कळ जगले. म्हातारपणीही नदीत उतरायचे. परगावची माणसं मला कौतुकानं विचारायची, काय प्रकृती ठेवलीय यांनी. मी म्हणायचे, व्हय, त्यांची प्रकृती लई चांगली.