डावीकडची सीट

एकतीस वर्षं त्याने शहरात बस चालवली, आणि तेवढ्या काळात डेपोतल्या कुणी त्याला खऱ्या नावाने हाक मारली असेल तर शपथ. नोकरीच्या पहिल्या दिवशी गणवेश देणाऱ्या कारकुनाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हातातली टेप खाली ठेवली. "तुझं माप घ्यायचं तर शिडीच लावावी लागणार," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो शिडी. मागून भरती झालेली मुलं 'शिडीकाका' म्हणायला लागली, आणि पुढे पुढे तर साहेबसुद्धा फोनवर "जरा शिडीला पाठवा" म्हणत.

बोलायला कमी, पण चालवायला नामी. ब्रेक असा लावायचा की बस कधी थांबली ते उभ्या माणसाला कळायचंही नाही. कुठल्या थांब्यावर काठी टेकत चढणाऱ्या आजी असतात, कुठल्या वळणावर भाजीवाल्याची हातगाडी पुढे आलेली असते, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. घरी आला की मात्र तो एकदम पाहुण्यासारखा वागायचा. कुठली वस्तू कुठे असते ते बायकोला विचारायचा.

दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची. त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या वाटोळ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. "समोर बघत राहायचं. कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं." शिडीने इमानेइतबारे बटण दाबलं. मनात म्हणाला, आज यंत्र बिघडलेलं दिसतंय, दिवे फारच कमी लागतायत.

यंत्र ठणठणीत होतं.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला समोरचं स्वच्छ दिसतंय म्हणून कळलं नाही. पण कडेची नजर बरीच गेलीय. औषध घातलंत तर आहे तेवढी टिकेल. गेली ती परत येणार नाही." मग हातातलं पेन उगाच बंद-उघड करत त्यांनी पुढचं सांगितलं. "आणि वाहन चालवायचं नाही. बस नाही, कार नाही, स्कूटरसुद्धा नाही."

डेपोने त्याला घरी बसवलं नाही, एवढं खरं. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर त्याची नेमणूक झाली. छत्र्या, डबे, शाळेची दप्तरं, एका पायाचे बूट आणि एकदा तर चक्क दातांची कवळी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची आणि मालक यायची वाट बघायची. कामाला तो बसनेच जायचा. चालकाच्या जागेवरून मुलं "या काका, पुढे या" म्हणायची, पण तो मुद्दाम अगदी मागच्या बाकावर जाऊन बसायचा. पुढे बसलं की नजर स्टीअरिंगवरच्या हातांकडे जायची.

त्याची बायको चणीने इतकी लहान की लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला ठोकळ्यावर उभं केलं होतं. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखात्यात होती. फाटलेल्या चादरी, रुग्णांच्या झग्यांचे तुटलेले बंद, ऑपरेशनच्या हिरव्या कापडांच्या उसवलेल्या शिवणी, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. गळ्यात मापाची टेप कायमची. कधी कधी ती तशीच घरी यायची आणि स्वयंपाक करतानाही टेप गळ्यातच असायची.

त्याच वर्षी रुग्णालय शहराबाहेर नव्या इमारतीत गेलं. तिथे पोचायला दोन बस बदलायच्या आणि वर वीस मिनिटं चालायचं. तिने चार-पाच महिने ते केलं. मग एका रविवारी सकाळी तिने चहाच्या कपाशेजारी काहीतरी ठेवलं.

शिडीने ते डोळ्यांसमोर धरलं. गाडी चालवण्याचा परवाना. वर तिचा फोटो, कुणीतरी दटावल्यासारखा चेहरा.

"हे काय?"

"दिसतंय ना, परवाना. परवा मिळाला."

"कधी शिकलीस?"

"तुमचे दवाखान्याचे हेलपाटे चालले होते तेव्हा. दुपारच्या सुट्टीत शिकले, जुन्या रुग्णालयामागच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत."

त्याने परवाना उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "एकतीस वर्षं बस चालवली मी. दोनशे पोरं माझ्या हाताखाली तयार झाली. मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतं," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

 त्याने बशीत सांडलेला चहा कपात ओतला आणि विचारलं, "मग आता गाडी घ्यायची म्हणतेस?"

"छोटीशी. जुनी चालेल. पण अगदी छोटी."

छोटीच हवी होती, कारण इमारतीखाली त्यांच्या वाट्याला जी जागा यायची ती विजेचा खांब आणि पाण्याची टाकी यांच्या मधली. आजवर तिथे कुणी सायकलपलीकडे काही लावलं नव्हतं. त्याच दुपारी शिडीने बायकोची टेप मागून घेतली आणि खाली जाऊन ती जागा तीनदा मोजली. साडेतीन मीटरच्या वर एक बोटही चालणार नव्हतं. टेपेचं दुसरं टोक धरायला बायको उभी होती. खूप दिवसांनी तो कशाततरी रमलेला तिने पाहिला, आणि चौथ्यांदा मोजू या म्हणाला तेव्हाही तिने टोक धरलं.

गाडी बघायला बरोबर घेतला तो पाना. पाना म्हणजे डेपोतला जुना मेकॅनिक, शिडीचा जिवलग. त्याच्या खिशात एक पाना कायम असायचा, तो जेवतानासुद्धा काढायचा नाही.

पहिली गाडी लाल होती, जुन्या गाड्यांच्या दुकानात आरशासारखी चमकत उभी. विक्रेता तोंड भरून बोलत होता. शिडीने त्याचं ऐकलंच नाही. तो आत वाकला आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची वाळलेली रेघ होती. त्याने ती पान्याला दाखवली.

"पुरात पोहून आलेली दिसतेय," पाना म्हणाला. विक्रेत्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक आठवलं.

दुसरी गाडी चंदेरी रंगाची. एका दाताच्या डॉक्टरांची, घर ते दवाखाना एवढंच फिरलेली. शिडीने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. म्हणजे आधीच चालू करून गरम करून ठेवलेली नव्हती. मग किल्ली फिरवायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिला. इंजिन असं चालत होतं की जणू कुणी बाजूच्या खोलीत शांतपणे शिवणयंत्र चालवतंय. पान्याने खाली वाकून बघितलं, तेलाचा थेंब नाही. टायर नवे.

"हिला हात लावायची गरज नाही," पाना म्हणाला. "डोळे झाकून घ्या, वहिनी."

बायको चालवायला बसली, शिडी शेजारी, पाना मागे. दोन चौक फिरून आले. तिने गाडी नीट चालवली, एकदाच गिअर करकरला. शिडीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो इंजिन ऐकत होता आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

उतरल्यावर बायको म्हणाली, "ही नको."

"का?"

"रंग नाही आवडला."

शिडी बघतच राहिला. "अगं, रंगावर गाडी घेतात का? साडी आहे का ती?"

"मला चालवायचीय ना? नको म्हटलं ना."

पान्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पाना खिशातून काढून उगाच पुसायला घेतला. परतीच्या बसमध्ये तिघं तीन बाकांवर बसले. शिडीचा राग दोन दिवस टिकला. त्या दोन दिवसांत त्याने डोळ्यांचं औषधही स्वतःच घालून घेतलं, आणि निम्मं गालावर सांडलं. तिसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन समोर उभी राहिली. तो मान वर करून मुकाट्याने बसला.

तिसरी गाडी एका निवृत्त परिचारिकेची. आयुष्यभर ती बाळंतिणींच्या घरी या गाडीने जायची. गाडी म्हणजे पावाच्या लादीला चाकं लावल्यासारखी, बुटकी नाही पण अरुंद आणि उभट, छत उंच. रंग फिक्या मुगासारखा, आणि एक दार कुठल्याशा दुसऱ्या गाडीचं असल्याने किंचित गडद.

पाना खाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "तेल पाझरतंय!" शिडीने क्लच दाबून पाहिला. कडक. इंजिन सुरू केलं तर त्यालाही बोलायचं होतं बरंच काही. शिडीने मनातल्या मनात गाडी मोडीत काढली.

बायकोने तोवर डावीकडचं दार उघडलं होतं. "बसा," ती म्हणाली.

"बसून काय करू? इंजिन ऐकलंस ना?"

"तुम्ही बसा तर."

तो बसला. सीट मागे सरकवायला तिने सांगितलं, ती सरकली, आणखी सरकली. मग तिने गळ्यातली टेप काढली, वाकली आणि त्याचा गुडघा आणि पुढचा कप्पा यांच्यातलं अंतर मोजलं. मग हात वर करून त्याचं डोकं आणि छत यांच्यात तीन बोटं घातली.

"मान सरळ ठेवा. पोक नका काढू."

"सरळच आहे."

"हो," ती म्हणाली. टेप गुंडाळताना तिचा चेहरा असा झाला होता, जसा एखादा झगा पहिल्या शिवणीतच बरोबर बसल्यावर होतो. "हीच घेऊ या."

"वहिनी," गाडीखालून डोकं काढत पाना म्हणाला, "रंगाचं काय मग? हिला तर दोन रंग आहेत."

"रंग छान आहे," ती म्हणाली.

शिडी सीटवर बसून राहिला. चंदेरी गाडीत आपण कसे बसलो होतो ते त्याला आता आठवलं. गुडघे छातीशी, मान खांद्यावर कलती, डोकं छताला. त्याला ते जाणवलंही नव्हतं. तो इंजिन ऐकत होता. ती रस्ता बघत होती, आणि मधून मधून त्याला.

"गाडी तुझ्यासाठी घेतोय ना आपण?" त्याने हळूच विचारलं.

"माझ्यासाठीच. रोज तुम्हाला डेपोवर सोडणार आणि मग पुढे जाणार. तुम्ही शेजारी मान मोडून बसलात तर माझं रस्त्यावर लक्ष राहील का?"

शिडीने खिडकीची काच खाली केली, मग वर केली. काच नीट चालत होती. "क्लच पाना बदलून देईल," तो म्हणाला. आवाज थोडा घोगरा निघाला म्हणून त्याने तेच पुन्हा म्हटलं. "क्लच काय, पाना बदलून देईल."

पान्याने दोन रविवार घालवून क्लच बदलला, तेलाची गळती थांबवली. बायकोने स्वतःसाठी एक जाडजूड उशी शिवली, कारण उशीशिवाय तिला बॉनेटच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. गाडी खांब आणि टाकीच्या मधे बसली. मागे कशीबशी चार बोटं उरली.

शेजारी बसायला शिडी फार वाईट होता. त्याचा उजवा पाय खालच्या रबराच्या चटईवर सारखा ब्रेक दाबायचा. दर सिग्नलला तो श्वास आत ओढायचा.

"तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये," ती म्हणायची.

"मी कुठे काय बोललो?"

"पाय बोलतोय."

दुसऱ्याच आठवड्यात चढावरच्या मोठ्या चौकात, ऐन सकाळच्या गर्दीत, गाडी बंद पडली. तिने किल्ली फिरवली, गाडी पुढे उसळली आणि पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. शिडी म्हणाला, "हँडब्रेक ओढून..." तेवढ्यात ती म्हणाली, "गप्प बसा. एक शब्द नको." तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. शिडीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आयुष्यात इतकं कठीण काम त्याने केलं नव्हतं.

मागे एक बस होती. तिने हॉर्न वाजवला नाही. ती थोडी तिरकी झाली आणि दोन्ही रांगा अडवून, दिवे लुकलुकवत उभी राहिली. मागचे सगळे तिच्या आड थांबले. चौकात एकदम शांत झालं. बायकोने हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, आणि तिसऱ्या खेपेला गाडी सुरळीत चढ चढून गेली.

दुपारी एक तरुण चालक हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी आला. "काका, सकाळी मीच होतो मागे."

"तुला कसं कळलं मी आहे ते?"

"एवढीशी गाडी आणि छतापर्यंत पोचलेलं डोकं! दुसरं कोण असणार?" तो हसला. "काकू तुमच्यापेक्षा धीराच्या आहेत हां."

शिडीने घरी जाताना हे तिला शब्दशः सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. त्या वाक्यावर तिने गिअर इतका अलगद टाकला की करकरलाच नाही.

हळूहळू दोघांची घडी बसली. कडेचं त्याला दिसत नव्हतं, पण काय येणार ते माहीत होतं. "आता डावीकडे शाळेचं फाटक येईल, पोरं पळत निघतात." "पुढच्या गल्लीतून दूधवाला घुसतो, आधीच हळू कर." सांगायचा सूर शिकवण्याचा राहिला नाही; घरातल्या घरात माणूस बोलतो तसा झाला. ती "हं" म्हणायची आणि हळू करायची. नऊ वेळा तो खरा ठरायचा. दहाव्या वेळी दूधवाला यायचा नाही, आणि तरी ती "हं" म्हणायची.

एका शनिवारी दोघांची अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. तिने त्याला डेपोवरून घेतलं. ऊन कोवळं होतं, काच अर्धी उघडी. नदीच्या पुलाआधीच कधीतरी शिडीचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा गाडी झाडांच्या रांगेतून सावकाश चालली होती. हा रस्ता बाहेरून वळसा घालून जाणारा. घराच्या रस्त्याच्या दुप्पट लांब, पण एकही सिग्नल नाही, एकही खड्डा नाही.

"इकडून कुठे?" त्याने विचारलं.

"पुलाचा रस्ता बंद होता," ती म्हणाली. समोर बघत, दोन्ही हात स्टीअरिंगवर.

पुलाचा रस्ता शनिवारी बंद नसतो, हे शहरात शिडीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.  तरी त्याने सीट एक खाच मागे सरकवली, पाय लांब केले आणि पुन्हा डोळे मिटले.