भिंतीकडे तोंड

इको करायला आईला डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपवलं होतं. स्क्रीन तिच्या पाठीमागे. हृदय तिचं, आणि ते तिला सोडून आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"यांना दम लागतो का?" डॉक्टरांनी बाबांना विचारलं.

"छे हो, वजन वाढलंय. चालायला नको हिला."

जिन्यात थांबून आई कितीदा तरी सांगायची, दम लागतो. कुणी ऐकलं? आता उजवा कप्पा फुगलेला दिसला. फुप्फुसांतला रक्तदाब फार वाढलाय, असं डॉक्टर म्हणताच बाबांचा चेहरा उतरला. यंत्राचं त्यांना लगेच पटलं. बाईचा श्वाससुद्धा पुराव्याशिवाय खरा नसतो का?

"काय दिसतंय, मला सांगा ना," आई भिंतीला म्हणाली.

मी सहसा बोलत नाही. "डॉक्टर," मी म्हटलं, "आधी स्क्रीन तिच्याकडे वळवा."